यानाच्या नाटकाला लिहिलेलं पत्र

त्या नाटकाचं खरं नाव लांबलचक, संस्कृत वळणाचं होतं. आमच्या गल्लीत ते कुणीच घेत नसे. आम्ही त्याला 'यानाचं नाटक' म्हणायचो. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्या पुढच्या वर्षी ते रेडिओवर सुरू झालं. दर रविवारी दुपारी दीड वाजता, अर्धा तास. चार माणसं एका यानातून कुठल्याशा लांबच्या ग्रहाकडे निघालेली असतात. कप्तान, डॉक्टरीणबाई, एक म्हातारे शास्त्रज्ञ आणि यानाचा मेकॅनिक. मेकॅनिक सगळ्यांचा लाडका. बाकीचे तिघे पुस्तकातलं बोलायचे, हा मात्र कुर्ल्याच्या एखाद्या गॅरेजमधून उचलून आणल्यासारखा बोलायचा. सारखा चहाची आठवण काढायचा. यानात चहा मिळत नसे, गोळ्या मिळायच्या.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षात जाणार होते. आम्ही अंधेरीला पश्चिमेला, वर्सोव्याच्या रस्त्यालगत राहत होतो. वडील कचेरीत होते, आई घरी. दिवाणखान्यात एक मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावला की आधी एक मिनिट गरम व्हायचा आणि मग बोलायचा. म्हणून मी एक वाजून पंचवीस मिनिटांनीच बटण फिरवून बसायची.

माझ्याबरोबर हे नाटक ऐकायला एक मैत्रीण येत असे. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. गणितात ती पहिली यायची, मी चौथी-पाचवी. मग तिच्या आईचे गुडघे गेले आणि डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायचं काम हिच्याकडे आलं. शाळा सुटली. पण आमच्या गल्लीत ती रोज यायचीच, त्यामुळे मैत्री काही सुटली नाही. रविवारी सगळा माल खपला की शेवटी आमच्याकडे यायची, मोरीत हातपाय धुवायची आणि दाराजवळ गोणपाट टाकून बसायची.

"आत ये गं, खुर्चीवर बस," आई म्हणायची.

"नको काकू, गादीला वास लागेल."

आई दुसऱ्यांदा म्हणायची नाही. मीही म्हणत नसे.

त्यांच्या घरी एक ट्रान्झिस्टर होता, पण तो तिच्या बापसाबरोबर होडीवर जायचा, हवामानाच्या बातम्यांसाठी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ट्रान्झिस्टर घरी. बाकीचे आठ महिने ती आमच्या दाराशी.

माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची. रागावली, हसली की मात्र घरचं बोलणं बाहेर पडायचं.

तो भाग मेच्या सुट्टीतला. यानाच्या बाहेरची तार तुटते आणि मेकॅनिक दुरुस्तीला बाहेर जातो, कमरेला दोर बांधून. काम होत आलेलं असतं, तेवढ्यात दगडांचा वर्षाव होतो, दोर तुटतो. तो लांब जाऊ लागतो. त्याच्या टोपीतला वायरलेस चालू असतो. "कप्तानसाहेब, मी दिसतोय का? मला तुमचा दिवा दिसतोय." कप्तान हिशेब करतो. त्याला आणायला यान वळवलं तर पुढे जायला इंधन उरत नाही. म्हातारे शास्त्रज्ञ रडायला लागतात. डॉक्टरीणबाई ओरडते. आणि कप्तान म्हणतो, "हा आवाज ऐकत राहिलो तर आपल्यातलं कुणीच काम करू शकणार नाही. वायरलेस बंद करा." मेकॅनिक मध्येच काहीतरी विचारत असतो. कट्ट असा आवाज होतो. मग नुसती घरघर, आणि मग निवेदिका.

मी ढसाढसा रडले. पण रडताना मला छानही वाटत होतं. काय तो कप्तान, केवढा कठोर, केवढं मोठं कर्तव्य, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मी डोळे पुसत दाराकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तोंड लाल झालं होतं तिचं.

"मना नाय पटला," ती म्हणाली.

"काय नाही पटलं? इंधन नव्हतं ना. त्याला आणलं असतं तर चौघंही मेले असते."

"आणायचं कोण बोलतंय? नसेल आणता येत तर नाय आणायचं. पण वायरलेस कशाला बंद केला? माणूस बोलतोय ना तिकडनं? तो बोलतोय तोवर ओ द्यायचा. ओ द्यायला डिझेल लागत नाय."

माझी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मग मैत्रिणीने तिच्या बापसाची गोष्ट सांगितली. ती सात-आठ वर्षांची असतानाची. समुद्रात वादळ झालं, तिच्या बापसाच्या होडीचं इंजिन बंद पडलं. जवळच दुसरी होडी होती, ती उलटली. त्यातला एक माणूस लाकडाला धरून होता. पावसात दिसत नव्हता, पण हाका मारत होता. हा पोहोचू शकत नव्हता. दोर टाकला तर तितका लांब जात नव्हता, वारा होडी उलटीकडे नेत होता. तेव्हा तो नुसता ओ देत राहिला. त्याने हाक मारली की हा ओ द्यायचा. पुष्कळ वेळ. शेवटी हाक यायची थांबली. होडी परत आल्यावर तिचा बापूस पहिल्यांदा त्या माणसाच्या घरी गेला, स्वतःच्या नाही. त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ओ दिलास ना?" हा म्हणाला, "दिला." मग ती रडायला बसली.

"आता सांग," मैत्रीण म्हणाली. "ही डॉक्टरीणबाई परत गेल्यावर त्याच्या बायकोला काय सांगेल? बटण बंद केलं म्हणून?"

नाटकाच्या शेवटी श्रोत्यांना पत्रं लिहायला सांगत असत. आपण लिहू या, असं मीच म्हणाले. अक्षर माझं चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पायरीवर बसून आम्ही लिहिलं. ती बोलत होती, मी लिहीत होते. मध्येमध्ये मी तिचं वाक्य जरा सरळ करायची आणि ती "हां, तसंच" म्हणायची. डिझेलचं मी इंधन केलं. त्यावर तिने तोंड वाकडं केलं, पण चालेल म्हणाली.

"खाली नाव?" मी विचारलं.

"दोघींचं घाल."

मी दोघींचं घातलं. आधी तिचं, मग माझं.

संध्याकाळी ते कच्चं पत्र समोर ठेवून मी चांगल्या कागदावर उतरवून काढलं. तिथे मी काय केलं ते मला आजही अगदी नीट आठवतं, त्यामुळे न कळत झालं असं म्हणायची सोय नाही. 'माझ्या वडिलांनी' असं तिने सांगितलं होतं, ते मी 'एका कोळी बांधवाने' असं केलं. मग खाली सहीपाशी आले. पत्ता आमचाच होता. दोन नावं दिसायला कशी दिसतील, एक आडनाव असं, एक तसं, असा काहीतरी विचार मनात आला. वडिलांना विचारावं असंही वाटलं, पण विचारलं नाही, कारण ते म्हणाले असते, दोघींचं घाल. मी माझं एकटीचं नाव लिहिलं, 'कुमारी' लावून. पाकीट चिकटवलं आणि लगेच जाऊन पेटीत टाकलं. घाई कशाची होती? मला वाटतं, मत बदलेल याची.

तीन रविवारांनी नाटक संपल्यावर निवेदिकेने पत्रं वाचली. आमचं दुसरं होतं. "अंधेरीहून कुमारी" आणि माझं नाव, आडनावासकट. पत्र जवळजवळ सगळं वाचलं. 'ओ द्यायला इंधन लागत नाही' हे वाक्य तिने इतकं सुंदर म्हटलं की आई बाहेर येऊन माझ्याकडे बघायला लागली.

मैत्रीण गोणपाटावर बसली होती. पत्र ऐकताना तिचा चेहरा फुलला होता. वाचून संपल्यावर ती म्हणाली, "माझं नाव नाय घेतलं."

"एकच वाचतात गं. वेळ कमी असतो ना त्यांना."

"असेल," ती म्हणाली. आणि हसली. तिला खरंच तसं वाटलं होतं. आपली मैत्रीण खोटं बोलेल असा विचार तिच्या मनाला शिवला नाही, हे मला त्या हसण्यावरून कळलं. मी उठून रेडिओ बंद केला.

पुढच्या आठवड्यात रेडिओच्या केंद्रातून पाकीट आलं. नाटकाच्या लेखकांना मला भेटायचं होतं, अमुक दिवशी दुपारी पालकांसह यावं. वडिलांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कचेरीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मी आईची नारायणपेठी नेसले. मैत्रिणीला काही सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन आली तेव्हा साडी खुर्चीवर काढून ठेवली होती. "कुठे लग्नाला?" तिने विचारलं. मी म्हणाले, "हो, नातेवाइकांकडे."

लेखक म्हणजे कुणी ऐटबाज माणूस असेल अशी माझी समजूत होती. ते एक किडकिडीत गृहस्थ निघाले, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी वडिलांना आणि मला चहा मागवला आणि माझं पत्र टेबलावर उलगडून ठेवलं.

"तुम्ही मला चांगलंच पकडलंत," ते म्हणाले. मला कुणी तोवर अहो-जाहो केलं नव्हतं. "मी इंधनाचा हिशेब चार वेळा तपासला होता. पण हे माझ्या लक्षातच आलं नाही. हे तुम्हाला कसं सुचलं?"

वडील माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. तिथे, त्या क्षणी, सगळं नीट करता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"असंच," मी म्हणाले. "सुचलं."

"आता ऐका. माझ्या नाटकात त्या प्रसंगानंतर अजून एकच दिवस उलटलाय. त्याच्या नळकांड्यात दोन दिवसांची हवा आहे. म्हणजे तो अजून हाका मारतोय. मी डॉक्टरीणबाईला वायरलेस परत सुरू करायला लावणार आहे, कप्तानाचं न ऐकता. आणि ती ओ देईल." ते पुढे झुकले. "फक्त एक सांगा. हा जो कोळी तुम्ही लिहिलाय, तो ओ कसा देत होता? म्हणजे लांबवून, की पुन्हा पुन्हा? आमच्या बाईंना तसाच द्यायला सांगतो."

मला माहीत नव्हतं. ते मी मैत्रिणीला विचारलंच नव्हतं, आणि तिने सांगितलं असलं तरी माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी वर छताकडे पाहिलं. तिथे पंखा फिरत होता.

"लांबवून," मी म्हणाले. "एकच, खूप लांबवून. गाण्यातल्या आलापासारखा."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मैत्रिणीला काहीतरी सांगणं भागच होतं. नाहीतर नाटकात अचानक ओ ऐकून ती विचारात पडली असती. मी थापच मारली, केंद्राकडून पोस्टकार्ड आलंय, आपल्या पत्रामुळे नाटक बदलणार आहे, डॉक्टरीणबाई ओ देणार आहे. तिने पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझे दंड धरले.

"खरं? आईची शपथ?"

"खरंच गं."

"मग तू आमच्याकडे ये त्या दिवशी. बापूस घरी हाय आता, होड्या वर घेतल्या. ट्रान्झिस्टर पण हाय. त्याच्यासमोर ऐकू या. त्याला काय नाय सांगायचं आधी, नुसतं ऐकवायचं."

मी गेले. पावसाची उघडीप होती. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या तेव्हा रिकाम्या होत्या, त्यांवर मुलं लोंबकळत होती. तिचं घर दोन खोल्यांचं, शेणाने सारवलेलं, जाळी गुंडाळून एका भिंतीला रचलेली. मला त्यांनी एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. मी खाली बसते म्हणाले तर तिच्या आईने ऐकलं नाही. मैत्रिणीने शेजारपाजारच्या चार-पाच बायकाही बोलावल्या होत्या. काही तरी खास आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं. तिचा बापूस दाराला टेकून जाळं दुरुस्त करत बसला होता. लहानखुरा माणूस. मला म्हणाला, "पोरी, तू शिकते ना? शिक, शिक."

दीड वाजता नाटक सुरू झालं. त्याच्या मांडीजवळ ट्रान्झिस्टर ठेवला होता. सुरुवातीला त्याचं लक्ष नव्हतं. मग डॉक्टरीणबाई बटण लावते, घरघर होते आणि मेकॅनिकचा आवाज येतो, अगदी बारीक. "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" तेव्हा त्याच्या हातातली सुई थांबली. त्याने मुलीकडे पाहिलं. ती हसून मान हलवत होती, ऐक, ऐक.

आणि मग डॉक्टरीणबाईने ओ दिला.

तो अर्धा मिनिट तरी चालला असेल. त्यांनी कुणा गाणाऱ्या बाईकडून तो घेतला असावा. वर चढत गेला, थरथरला, मागून बासरी आली. एकच लांबलचक ओ. शेजारच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. मीही दुसऱ्या कुठे असते तर रडले असते, इतका तो गोड होता.

तिच्या बापसाने जाळं खाली ठेवलं. "असा नाय देत," तो हळूच म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "असा दिला तर त्याची हाक कशी ऐकू येणार? लहान लहान द्यायचा. थांबून थांबून. मधल्या वेळात त्याचा ऐकायचा."

नाटकात मेकॅनिक डॉक्टरीणबाईशी थोडं बोलला, चहाची आठवण काढली आणि त्याचा आवाज विरत गेला. संगीत वाजलं. निवेदिका म्हणाली, "आजच्या भागातील हृद्य प्रसंग आमच्या एका तरुण श्रोत्या भगिनीच्या कल्पनेतून साकारला आहे. लेखक त्यांचे ऋणी आहेत." आणि पुन्हा माझं नाव. आडनावासकट, अंधेरीसकट. एकच नाव, भरपूर वेळ असताना.

बायका माझ्याकडे वळल्या. एक म्हणाली, "ही काय ती? हिच्या कल्पनेतून?" मैत्रिणीच्या आईला नीट कळलं नव्हतं, ती कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिचा बापूस उठला, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेला. तो रागाने गेला नाही. आपलं इथे काही काम नाही असं वाटून माणूस जातो, तसा गेला.

मैत्रिणीने मला बसपर्यंत पोहोचवलं. वाटेत चिखल होता, ती पुढे चालत होती आणि कुठे पाय ठेवायचा ते मला दाखवत होती. मला वाटत होतं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. बस आलेली दिसली तेव्हा ती म्हणाली, "नावाचं काय नाय. पण ओ कसा देतात ते मना विचारायचं होतंस. मी त्याला विचारून सांगितलं असतं. त्यांनी तुला विचारलं होतं ना?"

मी मान हलवली. म्हणजे मी तिथे जाऊन आले हेसुद्धा तिला कळलं.

"मग मना विचारायचं होतंस," ती परत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राला पोस्टकार्ड लिहिलं. सगळं खरं लिहिलं, तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव. ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात घालून ठेवलं, संध्याकाळी टाकू म्हणून. संध्याकाळी वडील घरी आले, त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी माझ्यासाठी फाउंटन पेन पाठवलं होतं. ते पोस्टकार्ड पुस्तकातच राहिलं. मग यान ग्रहावर उतरलं, नाटक संपलं आणि आता कळवून काय उपयोग, असं मला म्हणता आलं.

ती आमच्या गल्लीत येत राहिली. आईला मासे दाखवायची, माझ्याशी बोलायची. पण रविवारी शेवटी यायची ती सगळ्यांत आधी आमच्याकडे यायला लागली. हातपाय धुवायला थांबायची नाही. पुढे वर्षभराने तिचं लग्न झालं, खाडीपलीकडे मढला दिली. मला बोलावलं होतं. मी मॅट्रिकच्या अभ्यासाचं कारण सांगून गेले नाही.

सात-आठ वर्षं गेली. मी नोकरीला लागले, लग्न होऊन मुलुंडला आले. घरात टीव्ही आला. एका संध्याकाळी त्यावर कसलासा अंतराळाचा कार्यक्रम चालला होता, माझी लहान जाऊ तो डोळे विस्फारून बघत होती आणि मला एकदम तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परस्पर रेडिओच्या केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने चौकशी केली. त्या नाटकाच्या टेपा केव्हाच पुसून त्यांवर दुसरं काही घेतलं होतं. टेपा कमी असायच्या, तसंच करावं लागायचं. लेखक निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांचा पत्ता मात्र मिळाला. मी त्यांना चार पानं लिहिली.

उत्तर पोस्टकार्डावर आलं, बारीक अक्षरात. पत्र वाचून आश्चर्य वाटलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. 'ओ कसा देतात हे विचारल्यावर तुम्ही वर पंख्याकडे पाहिलंत तेव्हाच मला शंका आली होती. मी पुन्हा विचारायला हवं होतं. चांगला प्रसंग हाती लागला होता, म्हणून विचारलं नाही. यात निम्मी चूक माझी समजा. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि क्षमा मागितली आहे म्हणून सांगा.'

ते कार्ड पर्समध्ये घालून मी अंधेरीला गेले. आईने सांगितलं होतं की ती आता स्टेशनजवळच्या मासळी बाजारात बसते. ओट्यावर बसलेली ती मला लांबूनच दिसली. अंगाने भरली होती, नाकात मोठी नथ, समोर पापलेटं मांडलेली. मला बघून तिने लगेच ओळखलं.

"ये गं! किती बारीक झालीस. मुलुंडला पाणी नाय लागत काय तुला?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सहीचं, साडीचं, पुस्तकात राहिलेल्या कार्डाचं. आजूबाजूला ओरडा चालला होता, दोनदा मला वाक्य परत म्हणावं लागलं. ती ऐकत होती आणि माशांवर पाणी शिंपडत होती.

"बाबांना भेटायचंय मला," मी म्हणाले. "लेखकांचा निरोप आहे."

"बापूस गेला. दोन वर्षं झाली."

पर्सकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"तसा चांगला गेला, घरात गेला," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "ती गोष्ट मात्र नंतर नाय सांगितली त्याने. आधी सांगायचा. नारळी पुनवेला पोरं जमली की सांगायला लावायची, तो आढेवेढे घ्यायचा, मग सांगायचा. त्या नाटकानंतर पोरं बोलायला लागली, हां, रेडिओवर होतं ते, ती बाई कशी गाते, तसंच ना? तो बोलायचा, हां, तसंच. माझ्या पोरांना मी सांगते आता. पण त्याच्यासारखं नाय जमत. मी होते कुठे होडीवर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्यासाठी तो असता तर मला काहीतरी देता आलं असतं, क्षमा मागता आली असती. पण तिने मला एक बातमी सांगितली होती, इतकंच.

मी पर्समधून पोस्टकार्ड काढून तिच्यापुढे धरलं. तिने मान पुढे करून ते वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. ती गणितात पहिली यायची तेव्हाही असंच वाचायची.

"चांगला माणूस हाय," ती म्हणाली. "तूच ठेव ते. माझे हात ओले हायत."

तेवढ्यात एक बाई पापलेटाचा कल्ला उघडून बघायला लागली. मैत्रीण तिच्याकडे वळली, भाव सांगू लागली. मी बाजूला सरकले. बाई घासाघीस करत होती, मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ मी तिथेच थांबले, मग लोकांच्या वाटेत येतेय असं वाटून बाहेर आले.